भाताच्या गावाहून भाताच्या गावाला: व्हॅलेन्सियातले आठ दिवस

बेळगावच्या शहापूरला माझी खानावळ आहे. एकवीस वर्षं झाली, रोज दोन वेळचा भात माझ्या हातून शिजतो. त्यामुळं कुठंही गेलं तरी माझी नजर आधी ताटातल्या भातावर जाते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लेक आमची स्पेनची तिकिटं काढत होती. तिच्या मनात बार्सिलोना होतं. मी म्हटलं, जिथं भात पिकतो तिथली काढ. म्हणून व्हॅलेन्सिया. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून कुणी जोडपं निघणार असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळं लिहिते आहे.

एक आधीच सांगते. आमचे हे माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. मी मासे-मटण खाते. त्यामुळं दोन्ही प्रकारच्या माणसांचं काय होतं ते मला सांगता येईल.

गणपती बोळवले, सासऱ्यांचा म्हाळ घातला आणि खानावळीला कुलूप लावलं. घटस्थापनेच्या आत परत यायचं होतं. भारतातून व्हॅलेन्सियाला थेट विमान नाही. आम्ही बेंगळुरूहून आखातात विमान बदलून माद्रिदला उतरलो आणि तिथून वेगवान रेल्वेनं दोन तासांच्या आत पोचलो. व्हिसाची फी माणशी ९० युरो, वर केंद्राचे आकार वेगळे. ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच. आमच्यासारख्या धंदेवाल्यांनी तीन वर्षांची विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे नीट लावून द्यावेत, म्हणजे हेलपाटा होत नाही. आणि कुंदा नेऊ नका. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. मी दोन किलो बांधून ठेवला होता, लेकीनं वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि लसणाची चटणी मात्र नेली, आणि पहिल्याच दिवशी तीच कामाला आली.

राहायला रुसाफा भागात स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती. माळकरी माणूस बरोबर असेल तर हॉटेलपेक्षा अशी खोलीच घ्या. पोचलो त्या दुपारी भूक अशी लागली होती की जुन्या गावातल्या मोठ्या चौकाजवळ, बाहेर जेवणाची रंगीत चित्रं लावलेल्या एका ठिकाणी बसलो. भाज्यांचा पायेया, म्हणजे उथळ कढईत शिजवलेला तिथला भात, मागवला. दहा मिनिटांत आला, तिथंच मला शंका यायला हवी होती. वीस मिनिटांखाली चांगला भात होत नाही. रंग पिवळाजर्द, शितं फुटून मऊ झालेली, मटार गोठवलेले. ह्यांनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "ह्याला वास येतोय गं," एवढंच म्हणाले. भात माशाच्या पाण्यात शिजवला होता. विचारलं तर वाढणारा म्हणाला, वर मासा कुठं आहे? पंचवीस वर्षांत एकदाही न मोडलेला नेम परक्या गावात असा मोडला याचं मला फार वाईट वाटलं. तिथं ते पुढं काही जेवले नाहीत. रात्री खोलीवर कडक भाकरी आणि चटणी खाल्ली.

म्हणून शाकाहारी माणसानं आधी एक शब्द पाठ करावा, काल्दो. म्हणजे ज्या पाण्यात भात शिजतो ते पाणी, रस्सा. नुसतं 'भाज्यांचा' म्हणून भागत नाही. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन वेवो" म्हणजे मटण नको, मासा नको, अंडं नको, आणि मग "काल्दो दे वेर्दुरास?" म्हणजे पाणी भाज्यांचंच ना. मी हे मराठी अक्षरांत कागदावर लिहून ब्लाउजच्या पाकिटात ठेवलं होतं. दुसरं, हामोन म्हणजे डुकराचं सुकवलेलं मांस. ते भाजीवर कोथिंबिरीसारखं भुरभुरतात आणि भाजीचा पदार्थ म्हणूनच समोर ठेवतात. हे दोन सांभाळले तर उपाशी राहायची वेळ येत नाही. टोमॅटो चोळलेला भाजका पाव, ऑलिव्ह, मीठ लावून तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, बटाट्याच्या तिखट फोडी (वरची पांढरी चटणी नको म्हणायचं, त्यात अंडं असतं), फळं. जेवणाच्या वेळा वेगळ्या आहेत. दुपारचं जेवण दोनला, रात्रीचं नऊला, आणि मधल्या वेळात बहुतेक चुली बंद.

दुसऱ्या दिवशी मेर्कादो सेंत्राल, म्हणजे मोठी मंडई. हिचं बांधकाम १९१४ ला सुरू झालं आणि ती १९२८ ला उघडली. लोखंड, रंगीत काच आणि चिनीमातीच्या फरश्या, वर घुमट, आत उजेडच उजेड. मी मंडईत वाढलेली बाई, पण मासळीच्या भागातसुद्धा पाय घसरत नाही अशी मंडई मी पहिल्यांदा बघितली. एका म्हातारीच्या गाळ्यावर ओले पांढरे दाणे होते, वालासारखे पण दुप्पट मोठे आणि चपटे. गार्रोफो म्हणतात त्याला. पायेयात हा पाहिजेच. मी एक दाणा नखानं दाबून बघितला, तशी तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, आपल्याकडची भाजीवाली ओळखीच्या गिऱ्हाइकाला हलवते तशी. केशर आणि लाल मिरचीची धुरावलेली पूड मी तिथूनच घेतली. रविवारी मंडई बंद असते आणि रोज दुपारी तीनला आवरते, म्हणून सकाळीच जा.

आता मुख्य गोष्ट. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं गोड्या पाण्याचं मोठं तळं आहे, समुद्रापासून वाळूच्या एका पट्ट्यानं वेगळं झालेलं. १९८६ पासून तो संरक्षित भाग आहे. तळ्याभोवती सगळी भाताची शेती आणि मधोमध एल पालमार हे खेडं. शहराची साधी बस तिथवर जाते. आम्ही गेलो तेव्हा कापणी चालली होती. आमच्या येळ्ळूरच्या शिवारात त्या दिवसांत भात अजून हिरवा असतो, तिथं सगळं पिवळं झालेलं. यंत्र पुढं चाललंय आणि मागं बगळ्यांची रांग, हे मात्र अगदी तसंच. हे बसमधनं उतरले ते थेट बांधावर जाऊन बसले. एक लोंबी हातात घेऊन दाणे मोजले. म्हणाले, "आखूड हाय, पण भरलाय बघ कसा." हिवाळ्यात याच शेतांत पुन्हा पाणी सोडतात, मग सगळा परिसर तळंच होतो आणि लांबून पक्षी येतात, असं होडीवाल्यानं सांगितलं.

पायेया हे खरं तर भांड्याचं नाव. उथळ, रुंद, दोन कानांची लोखंडी कढई. आम्ही जिथं जेवलो तिथं मागच्या अंगणात संत्र्याच्या लाकडावर भात करतात आणि मागितलं तर बघू देतात. दोन माणसांपेक्षा कमी भात करत नाहीत, म्हणून आम्ही दोघांसाठी भाज्यांचाच सांगितला. पाणी साधं, भाज्या आमच्यासमोर पडल्या. आधी तेल, मग चपट्या हिरव्या शेंगा, आर्टिचोक आणि गार्रोफो परतून चांगले तांबूस केले. किसलेला टोमॅटो घालून तो आटवला. मिरचीपूड घातली आणि ती जळायच्या आत पाणी ओतलं. पाणी किती? कढईच्या कानांचे रिबिट आतून दिसतात, त्यांच्यापर्यंत. माप नाही, काटा नाही. पाणी चांगलं उकळून भाज्यांचा रस उतरल्यावर केशर, आणि मग तांदूळ. तोही धुतलेला नाही. कढईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधासारखी ओळ घातली, एकदाच सारखी केली आणि संपलं. त्यानंतर पळी लावायची नाही. माझा हात पुढं जात होता, मी मागं घेतला. आधी मोठा जाळ, मग लाकडं ओढून मंद. तो स्वयंपाकी शेवटी कान कढईजवळ नेऊन ऐकत होता. बुडबुड थांबते आणि चरचर सुरू होते, तीच वेळ.

त्या चरचरीतून जे होतं त्याला ते सोकारात म्हणतात. आपण खरवड म्हणतो. आपल्याकडं खरवड पातेल्यात राहते आणि घरातली बाई ती शेवटी उभ्यानं खाते. तिथं तिच्यासाठी माणसं चमचे घेऊन बसतात. लाकडी चमच्यानं खरवडली की पत्र्यासारखी निघते, तांबूस, तेलाची चकाकी असलेली, कडेला किंचित कडू. ह्यांनी त्यांच्या बाजूची सगळी खाल्ली आणि माझ्याकडं बघितलं. मी माझ्या बाजूची अर्धी दिली. हा भात बोम्बा जातीचा होता. पाणी भरपूर पितो आणि तरी फुटत नाही, शीत न् शीत वेगळं, आत दाणा धरलेला. आमच्या बासमतीचा घमघमाट त्याला नाही. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नाहीच, म्हणून तर तो पाण्याची सगळी चव घेतो.

मी वेगळं म्हणून आल-इ-पेब्रे घेतलं. तळ्यातला वाम मासा, लसूण, लाल मिरची आणि बटाटे. रस्सा दाट, लालभडक, पण तिखटाला आपल्या जिभेला काहीच नाही. मासा तेलकट आणि गोडसर. मला आवडलं, पण भाताइतकं नाही. अस्सल व्हॅलेन्सियाचा पायेया कोंबडी आणि सशाचा असतो, कधी गोगलगायीही घालतात. मी तो दोन दिवसांनी रुसाफात खाल्ला. ससा आधी कधी खाल्ला नव्हता. मटणापेक्षा कोरडा लागतो, पण रोझमेरीच्या काडीचा वास त्याला शोभतो. एक लक्षात ठेवा, तिथली माणसं पायेया दुपारीच खातात. रात्री तो खायला बसलेली बहुतेक आपल्यासारखी प्रवासी असतात.

संध्याकाळची होडी चुकवू नका. सपाट बुडाची, तळं उथळ असल्यानं काठीनंही ढकलता येते. सूर्य शेतांच्या मागं उतरतो तेव्हा पाणी आणि भात एकाच रंगाचे होतात.

गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या अपोस्तल दाराशी जा. हे मी हात जोडून सांगते. तिथं पाण्याचं न्यायालय भरतं. तूरिया नदीवरच्या आठ पाटांचे आठ निवडलेले शेतकरी काळे अंगरखे घालून, लोखंडी कठड्यात गोल खुर्च्या मांडून उघड्यावर बसतात. एक जण एकेका पाटाचं नाव पुकारतो, या पाटावरचे कुणी आरोपी आहेत काय. ज्याच्या पाटाची तक्रार तो न्यायाला बसत नाही. सगळं तोंडी, निकाल तिथल्या तिथं, आणि सगळे तो मानतात. अरबांच्या काळापासून हे चालत आलंय असं सांगतात. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याला वारसा म्हणून मान दिला. आम्ही होतो त्या दिवशी कुणाचीच तक्रार नव्हती, आठही नावं पुकारून पाच मिनिटांत उठले. आमच्या घरच्या बांधाचा दावा अकरा वर्षं चाललाय. दरवर्षी बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूरच्या शिवारात घुसतं आणि बासमती कुजते, ते मी लहानपणापासून बघते आहे. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांचा न्याय करावा आणि गर्दीनं गप्प उभं राहून ऐकावं, हे बघताना माझा कंठ दाटून आला.

पुकारा तिथल्या व्हॅलेन्सियन भाषेत होता, स्पॅनिशमध्ये नाही. १९८२ पासून तिथं दोन्ही भाषा सरकारी आहेत. मेट्रोत, रस्त्यांच्या नावांत, कचेऱ्यांवर दोन्ही दिसतात. पहिल्या दिवशी मी कशाचा फोटो काढला असेल तर अशा दोन भाषांच्या एका पाटीचा. आपल्याकडच्या माणसाला त्याचं कारण समजावून सांगावं लागणार नाही.

ओर्चाताबद्दल लिहिलं नाही तर ह्यांना राग येईल. आठ दिवसांत त्यांनी रोज प्यायली. चुफा नावाच्या गड्ड्यांचं हे दूध. चुफा म्हणजे आपल्या शेतात उपटून फेकतो त्या लव्हाळ्याच्याच कुळातली वनस्पती. तिचे शेंगदाण्याएवढे, सुरकुतलेले गड्डे भिजवून, वाटून, पिळून, साखर घालून गार करतात. दूध नाही, अंडं नाही, माळकऱ्याला पूर्ण चालणारं. पहिल्या घोटाला नारळाचं दूध वाटतं, मग शिंगाड्याच्या पिठासारखी मातकट गोडी मागं राहते. ती पटकन नासते, म्हणून बाटलीतली घेऊ नका, जिथं करतात तिथंच प्या. सांता कातालिना चर्चजवळच्या त्याच नावाच्या जुन्या दुकानात भिंतीवरच्या चिनीमातीच्या चित्रांसाठी बसावं. पण चव घ्यायची तर मेट्रोनं आल्बोराया गावी जावं, चुफाची शेतं तिथंच आहेत. सोबत मिळणारे लांबट गोड पाव मी बुडवून खाल्ले. त्यात अंडं असतं, माळकऱ्यांनी घेऊ नयेत.

मंडईसमोर ला लोन्खा ही रेशमाची जुनी पेठ आहे, बांधकाम १४८२ ते १५४८, युनेस्कोच्या यादीत १९९६ पासून. तिकीट किरकोळ, रविवारी फुकट. आतले खांब पिळलेल्या सुतासारखे वर जातात. आमच्या ह्यांनी बघितल्या बघितल्या म्हटलं, "हे पीळ दिलेलं सूत आहे." भिंतीवर वरच्या बाजूला लॅटिन अक्षरं सगळ्या दालनाभोवती फिरवली आहेत. अर्थ असा की जो व्यापारी जिभेनं फसवत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही आणि व्याजानं पैसा लावत नाही त्याला धनही मिळेल आणि शेवटी अमर जीवनही. दुकान चालवणाऱ्या माणसानं तिथं मान वर करून थोडं थांबावं.

सासरे वडगावला मागावर होते. शहापुरी साड्या विणायचे. ह्यांचं बालपण धोट्याच्या आवाजात गेलं. पुढं यंत्रमाग आले आणि घरचे दोन माग मोडीत निघाले. व्हॅलेन्सियात वेल्युतेर्स नावाची मखमल विणणाऱ्यांची वस्ती होती, तिथं रेशमाचं संग्रहालय आहे. त्यात जुने लाकडी माग उभे केलेत, वर नक्षी पाडणारं जॅकार्ड आणि भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ. हे हात मागं बांधून त्या मागाभोवती एक फेरी फिरले. मग दुसरी. मग खाली वाकून पावड्या बघितल्या. तिथल्या बाईंनी एस्पोलीन नावाचं कापड दाखवलं, फुलाच्या प्रत्येक रंगाला वेगळा छोटा धोटा लावून हातानं विणलेलं, उत्सवात तिथल्या मुली घालतात ते. एका दिवसात किती होतं विचारलं तर बाईंनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. हे मराठीतच म्हणाले, "आमचे बाबा काठ करायचे तेव्हाबी एवढंच व्हायचं." बाईंना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी ह्यांचा हात धरून त्या कापडावर ठेवला. त्या पंधरा मिनिटांसाठी सगळा खर्च वसूल झाला असं मी मनापासून म्हणते.

बाकीचं थोडक्यात. कॅथेड्रलच्या मिकालेत मनोऱ्याला गोल जिन्याच्या २०७ पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर चढू नका, वाट अरुंद आहे. आम्ही चढलो, वरून निळे घुमट आणि लांब समुद्र दिसला. कालात्रावा या वास्तुकाराच्या नव्या पांढऱ्या इमारती, कला आणि विज्ञान नगरी, बाहेरून संध्याकाळी बघाव्यात. आत वेळ आणि पैसा दोन्ही बरेच जातात. नोर्द रेल्वे स्टेशन मात्र आत जाऊन बघा. १९१७ चं आहे, भिंतींवर संत्री आणि आल्बुफेराची चित्रं. स्वतःच्या मातीतलं पीक स्टेशनवर लावणारं गाव मला फार जवळचं वाटलं.

तूरियाच्या बागेत आम्ही रोज सकाळी चालायला जात होतो. ऑक्टोबर १९५७ च्या महापुरानंतर नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवली आणि जुन्या पात्रात नऊ किलोमीटरच्या आसपास बाग केली. पुलांखालून चालताना पाणी नाही, झाडं आहेत. पण २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात याच नव्या पात्रापलीकडची पायपोर्तासारखी गावं बुडाली आणि व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घरमालकीणबाईंची बहीण तिकडं राहते. त्यांनी भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं ते दाखवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडंही भिंतींवर अशाच खुणा होत्या. मी त्यांचा हात खाली घेतला आणि दोघी तशाच उभ्या राहिलो.

गैरसोयी सांगायच्या तर दुपारी दुकानं बंद, उकाडा दमट, आणि सप्टेंबरात तिथली संत्री झाडावर हिरवीच असतात. संत्र्यांसाठी जायचं असेल तर नोव्हेंबरनंतर जा. भातासाठी सप्टेंबरच.

मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानातून मी सहा माणसांची कढई आणली, बॅगेत साड्यांच्या घडीत बसली. घरी आल्यावर आधी येळ्ळूरच्या बासमतीचा करून बघितला. वास सुरेख, पण शितं मऊ पडली आणि खरवड धरली नाही. मग खानापूरकडचा जाडा तांदूळ घेतला, पाणी रिबिटापर्यंत, वालपापडी, वांगी आणि भिजवलेले डबल बी. पळी लावली नाही. चौथ्या रविवारी चरचर ऐकू आली. आता रविवारी दुपारी नेहमीची गिऱ्हाइकं हात धुवून येतात तीच विचारत, "काकू, तळाचं ऱ्हायलंय काय?"